बिल त्याच्या नावावर, फोन माझा

वेगळं राहायला लागल्यावरही मी कुणाशी काय बोलले, हे नवऱ्याला जसंच्या तसं माहीत असायचं. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून पाहिलं. तिथे ‘सिस्टिम सर्व्हिस’ नावाचं एक ॲप चालू होतं. स्क्रीनवर आयकॉन नाही, पण मेसेज, माइक, लोकेशन, सगळ्याची परवानगी घेतलेली. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गुगलची सोय, बंद करून ठेवलेलं.

‘रीसेट मारून टाक,’ असं जो तो सांगत होता. वकीलताईंनी मात्र ॲपला हात लावू दिला नाही, कारण पुरावा तोच होता. दुसऱ्या फोनने प्रत्येक पानाचे फोटो काढले आणि लांबून कुणी काही पुसू नये म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकला. फोन असा अचानक गप्प झाला की पलीकडच्याला संशय येतो. म्हणून त्याआधीच मी आईकडे राहायला गेले होते. हे कुणी सांगत नाही, पण फार महत्त्वाचं आहे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘फोन कुणी घेतला?’ बिल नवऱ्याच्या नावावर. ‘मग स्वतःच्याच फोनमध्ये ॲप टाकलं त्याने. एनसी लिहून देतो, घरात बसून मिटवा.’ एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, तिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत.

मला संताप आला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याच्या परवानगीबद्दल बोलतं. माहिती चोरून नोंदवणारा, बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम त्यातच येतो. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीचा प्रश्नच नव्हता. फोन मला भेट दिलेला, वापरात माझ्या. भेट हातात पडली की मालकी बदलते, असं ताईंनी लेखी मांडलं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बिल पाहतच नाही. बाईच्या इंटरनेट, ईमेल वा मेसेजवर पाळत ठेवणं हाच तिथे गुन्हा आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. त्यामुळे आम्ही थेट निरीक्षक मॅडमना भेटलो. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, दोन्ही कलमं लावून एफआयआर घेतला आणि प्रत तिथेच हातात दिली. ती फुकट मिळते, मागून घ्या.

पंचनाम्यात आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून फोन सील झाला. सिम मी आधीच काढून घेतलं होतं, नाहीतर बँकेचे ओटीपी अडकले असते. मी काढलेल्या फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागलं. त्यात प्रत्येक फाइलची हॅश व्हॅल्यू लागते, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा कोड.

आरोपीला जामीन मिळाला, कलमं जामीनपात्रच आहेत. माझ्या मते कायद्यातली ही बाजू लंगडी आहे. पाळत ठेवणारा दुसऱ्या दिवशी मोकळा फिरतो. फोन अजून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे. नुकसानभरपाईचा दावा वेगळा असतो. तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, निर्णय अधिकारी म्हणून, चालतो. माझा अर्ज तिथे दाखल झालाय.