एका चाकावर ४२ किलोमीटर: डांबर, खडी आणि चिखलाला टायर कोणता?

युनिसायकलवरच्या, म्हणजे एकचाकी सायकलवरच्या, फेरीचा क्रम असा: आधी १८ किलोमीटर डांबरी रस्ता, मग ९ किलोमीटर सैल खडीची कच्ची वाट, ६ किलोमीटर ओली पायवाट आणि परतीला ९ किलोमीटर डांबरी उतार. चाकं तीन घेतली होती. ३६ इंचीवर २.२५ रुंदीचा निंबस नाइटरायडर, एका २९ इंचीवर २.३५ चा श्वाल्बे बिग ॲपल आणि दुसऱ्या २९ इंचीवर २.४ चा मॅक्सिस आर्डेंट. पहिल्या दोघांची नक्षी उथळ, तिसऱ्याला चांगले उंच ठोकळे. खाली दिलेले हवेचे आकडे साधारण ७० किलोच्या स्वारासाठी आहेत. दर १० किलोमागे दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वाढवा, पण टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

निकाल आधीच सांगतो: नक्षीनं जेवढा फरक पडला, त्याहून जास्त हवेच्या दाबानं पडला. दुचाकीवर पुढचा टायर वळवतो, मागचा ढकलतो. युनिसायकलवर ही दोन्ही कामं एकाच टायरच्या गळ्यात, वर सगळं वजन आणि धक्केही त्यालाच. त्यामुळे पाच पीएसआयचा फरक इथे थेट कमरेला कळतो.

डांबरावर ३६ इंचीला तोड नाही. एका फेऱ्यात सुमारे २.८ मीटर अंतर जातं, म्हणजे मिनिटाला १०० फेरे मारले तर ताशी १७ किलोमीटर. तेवढेच पाय मारून २९ इंची ताशी १४ वर अडकतं. नाइटरायडरमध्ये ४५ पीएसआय ठेवली होती आणि ती बरोबर ठरली. पहिल्या टप्प्यात खरा त्रास वेगाचा नव्हता, रस्त्याच्या आकाराचा होता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कासवाच्या पाठीसारखा असतो, आणि कडेनं चालवलं की रुंद, मऊ टायर आपोआप उताराकडे वळू पाहतो. मग स्वार कंबर उलट्या बाजूला पिळून बसतो, आणि दहा किलोमीटरनंतर एकाच बाजूची मांडी भरून येते. बिग ॲपलमध्ये ३० पीएसआय असताना हे इतकं जाणवलं की टायरच वाईट वाटावा. ४५ केली आणि ओढ जवळजवळ गेली. टायरला नावं ठेवण्याआधी पंप जोडून पाहा. आर्डेंटचं मात्र हवेनं भागत नाही. वळताना ठोकळे वाकतात, चाक किंचित उशिरा ऐकतं आणि घरघर सतत कानाशी.

खडी सुरू होते तिथेच थांबून हवा कमी करा: ३६ इंचीला ३२, २९ इंचीला २६. अंगठ्यानं दाबून अंदाज घेऊ नका, जाड बाजूंचे टायर फसवतात. छोटा मापक खिशात हवाच. इथे ३६ इंची पुन्हा वरचढ ठरलं. मुठीएवढ्या दगडावर लहान चाक अडतं, मोठं चढून जातं. सैल खडीत ठोकळ्यांचा उपयोग फारसा झाला नाही, कारण टायर दगडाला पकडतो पण दगडच खालून सरकतो. चढावर क्रँकची, म्हणजे पेडल चाकाच्या मध्याशी जोडणाऱ्या दांड्याची, लांबी जास्त महत्त्वाची. ३६ इंचीला डांबरावर १२५ मिलिमीटर छान, खडीच्या चढावर १५० हवी. दोन भोकांची क्रँक असेल तर पेडल बाहेरच्या भोकात लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे घाईत विसरलं की आटे जातात.

ओल्या पायवाटेवर मात्र चित्र पालटलं. चिखलाच्या चढावर नाइटरायडरनं मागे ठेवलेली खूण पाहण्यासारखी होती. सलग रेघ नव्हती, सुमारे १.४ मीटरवर एक-एक घसरल्याचा पट्टा होता. बरोबर अर्ध्या फेऱ्याला एक. क्रँक आडवी येते तेव्हा पायाचा जोर सर्वांत जास्त असतो आणि टायर तिथेच सुटतो. जोर एकसारखा करून, म्हणजे पाय अगदी वर किंवा अगदी खाली असतानाही त्याला थोडं काम देऊन, पट्टे निम्मे झाले. पण उंच ठोकळ्यांच्या आर्डेंटला एवढी कसरत करावीच लागली नाही. २२ पीएसआयवर तो सरळ चढून गेला. सहा किलोमीटर चिखल असेल तर तिथे त्याचंच राज्य.

एक धोका लक्षात ठेवा. फ्रेम आणि टायर यांच्यामधली फट कमी असेल तर चिखल, पानं आणि बारीक खडे वर अडकून चाक जाम होतं. युनिसायकलला फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसते, म्हणून चाक थांबलं की स्वार पुढे फेकला जातो. वरून आणि दोन्ही बाजूंनी बोटभर जागा असल्याशिवाय रुंद टायर चढवू नका.

याच टप्प्यात बिग ॲपल पंक्चर झाला. हवा २० वर आणली होती, मुळाच्या कडेवरून चाक खाली आदळलं आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली. टायर निर्दोष, चूक हवेची. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. ट्यूब बदलायची तर चाक फ्रेममधून काढावंच लागतं, कारण दोन्ही बाजूंना बेअरिंग पकडलेली असते. नुसता पॅच लावायचा असेल तर चाक न काढता टायरची एक बाजू रिमबाहेर काढून ट्यूब ओढून घ्या. चाक काढलंच, तर बसवताना बेअरिंगच्या टोपणांचे बोल्ट आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा आणि चाक मोकळं फिरतंय ना ते पाहा. जास्त आवळले की चाक जड फिरतं आणि बेअरिंग लवकर जाते.

३६ इंचीची ट्यूब वाटेत कुठे मिळेल याच्या भरवशावर राहू नका. अडचणीत २९ इंची ट्यूब ताणून बसवता येते, थोडी चिकाटी लागते इतकंच. टायर विकत घेताना इंचावर विसंबू नका, रिमचा आकडा (मिलिमीटरमधला व्यास) पाहा: ३६ इंचीला ७८७, २९ इंचीला ६२२. मोठा टायर बसवल्यावर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका जाणवत असेल तर टायर रिमवर सारखा बसलेला नाही. कडेला साबणाचं पाणी लावा, मर्यादेपर्यंत हवा भरा, कडेजवळची साच्याची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली की हवा उतरवा.

परतीच्या उतारावर हवा पुन्हा भरायची की नाही? छोट्या पंपानं ३६ इंची टायर भरताना हात गळून जातो. रस्ता कासवाच्या पाठीसारखा नसेल तर ३२ वरच या. ब्रेक हलका धरून ठेवा आणि रिम-ब्रेक असेल तर आधी रिमवरचा चिखल पुसा, नाहीतर पॅड रिम खरवडतात.

घरी आल्यावर टायर निरखा. क्रँक आडवी असताना जमिनीला टेकणाऱ्या दोन समोरासमोरच्या जागा आधी गोटा होतात, कारण जोर, उड्या आणि चढून बसणं सगळं तिथेच होतं. हवा काढून टायर रिमवर पाव फेरा सरकवा आणि व्हॉल्व्हसमोर खडूनं खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी किती सरकवला ते कळेल.