रविवार, कंदीची आंघोळ

सकाळी कंदीला घेऊन डॉग वॉशला जाऊन आले. काल दीड दिवसाच्या गणपतीचं घरीच बादलीत विसर्जन झालं, पाहुणे गेले, रात्री उशिरापर्यंत भांडी आवरली, म्हटलं आज जरा निवांत उठू, तर पहाटे फिरायला नेल्यावर हिने मागच्या झाडीत कसलं तरी मेलेलं पाखरू शोधलं आणि त्याच्यावर मनसोक्त लोळून घेतलं. गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या तरी वास जाईना.

कंदी म्हणजे आमची लॅब्रॅडोर. रंग अगदी आमच्या साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा, म्हणून बाबांनी व्हिडिओ कॉलवर बघून हे नाव ठेवलं. आता ११ वर्षांची आहे, वजन ३२ किलो, मागचे पाय दुखतात. पूर्वी घरातल्या टबमध्येच आंघोळ घालायचो, पण आता तिला उचलून टबात ठेवणं माझ्या कमरेला झेपत नाही आणि गुळगुळीत टबात तिचे पाय सरकतात, ती घाबरून थरथरते, ते मला बघवत नाही. इथे सिडनीत कार वॉशच्या शेजारी, पेट्रोल पंपावर असे डॉग वॉश बरेच ठिकाणी असतात. स्टीलचा टब कमरेच्या उंचीवर, चढायला उतार, आत गळपट्टा अडकवायला साखळी, खाली रबराची मॅट. आमच्या इथे १० डॉलरला १० मिनिटं मिळतात. बटण फिरवायचं की त्याच पाइपमधून कोमट पाण्यात मिसळलेला शॅम्पू येतो, मग नुसतं पाणी, मग कंडिशनर, शेवटी गरम हवा. मी आधी जंतुनाशकाने टब धुऊन घेते, मागच्या कुत्र्याचे केस जाळीत असतातच.

लॅबला भिजवणं हे एक कामच आहे. ही मुळातली न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जात, थंडगार पाण्यात पोहणारी, त्यामुळे वरचे केस राठ आणि तेलकट आणि खाली मऊ दाट लव, पाणी वरच्यावर ओघळून जातं. बोटं केसांच्या उलट दिशेने आत घालून कातडीपर्यंत चोळावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं. महिन्यातून एकदा माझे हात तिच्या अंगावरून इंच न् इंच फिरतात, कानामागे, ओठांच्या घड्यांत, काखेत, बोटांच्या बेचक्यात. इथे पूर्व किनाऱ्यावर पॅरालिसिस टिक नावाची गोचीड आहे, हे वसंतातले महिने तिचेच, ती चावली की आधी कुत्र्याचं भुंकणं बदलतं, मग मागचे पाय लटपटतात, आणि वेळेवर कळलं नाही तर श्वास थांबून कुत्रं जातं. गोळी चालू असली तरी बोटांनी तपासा असं डॉक्टर सांगतात. साताऱ्याला बाबा आमच्या मोतीला बोअरच्या पाइपखाली असंच तपासायचे, एकेक गोचीड काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे आणि मी शेजारी पाटावर बसून मोजायचे.

तर आज गोचीड नाही, पण डाव्या काखेमागे, बरगडीवर, माझं बोट अडखळलं. गाठ. सुपारीएवढी. मागच्या महिन्यात नव्हती, नक्की नव्हती, मी तिथे हात फिरवला होता. परत चाचपून बघितली, जरा हलते, पण मऊ नाही. मी पाइप एका हातात धरून तशीच उभी राहिले, दुसरा हात त्या गाठीवर, आणि कंदी माझ्याकडे बघत होती, साबणाचा फेस तिच्या भुवयांवर, शेपटी हळूहळू टबाच्या कडेला आपटत होती. किती वेळ गेला कळलंच नाही. मशीनने टूं टूं केलं आणि पाणी बंद. अंगभर शॅम्पू तसाच, कार्ड गाडीत, आणि तिला टबात बांधून एकटी सोडून जायची हिंमत होईना.

मागे एक काका त्यांच्या केल्पीला, म्हणजे इथल्या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्रीला, घेऊन नंबर लावून थांबले होते, मातीने भरलेले बूट, बहुतेक कामावरून आलेले. काही न विचारता त्यांनी खिशातून दोन-दोन डॉलरची नाणी काढली आणि मशीनमध्ये टाकली, आणि म्हणाले सावकाश कर, आम्हाला घाई नाही. मी पैसे परत द्यायला गेले तर घेतले नाहीत. त्यांची केल्पी तेवढा वेळ जमिनीवर शांत बसून कंदीकडे बघत होती. मला एकदम रडू आलं, ते पाण्यात खपून गेलं असेल.

ड्रायर लावलाच नाही, त्या आवाजाला ती हल्ली घाबरते. दोन टॉवेल केले, कान आतून कापसाने कोरडे केले, कारण यांच्या कानाची नळी आत वळलेली असते, पाणी राहिलं की इन्फेक्शन धरतं. मग तिने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं आणि मला परत भिजवलं.

मंगळवारी साडेदहाची अपॉइंटमेंट मिळालीये. म्हाताऱ्या लॅबना चरबीच्या गाठी येतात, बऱ्याचदा त्या निरुपद्रवी असतात, हे मला माहितीये, हिच्या पोटावर एक तीन वर्षांपासून आहेच. पण नुसत्या हाताला काही कळत नाही, सुई घालून पेशी बघाव्या लागतात. जागा सापडावी म्हणून तिथल्या केसांवर मार्करने गोल काढून ठेवलाय, फोटोही काढलाय, शेजारी नाणं ठेवून.

दुपारी बाबांना फोन केला, तिकडे सकाळचे साडेनऊ. गाठीचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, तिला फोन दाखव." मी फोन खाली धरला. कंदी बाल्कनीतल्या उन्हात पसरली होती, केस वाळून फुललेले, अंगाला ओटमीलच्या शॅम्पूचा वास. बाबांनी "कंदे" म्हणून हाक मारली, तिने डोळे न उघडता शेपटी दोनदा आपटली.

"कानात पाणी गेलं नाही ना?" बाबांनी विचारलं.

नाही बाबा, पुसलेत मी.