तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली रेकॉर्ड कुठली घेऊ?

भिंतीलगतच्या कपाटात उभ्या लावलेल्या रेकॉर्डी दिसल्या की घरी आलेला माणूस आधी विचारतो, "या अजून वाजतात?" वाजतात म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मीही टर्नटेबल घेतलाय हो नुकताच. सुरुवात कुठल्या रेकॉर्डपासून करू?" हा प्रश्न मला भाच्याने विचारला, त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी विचारला, आमच्या दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारला. तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर.

छोटं उत्तर: कुत्र्याची घ्या. कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो निपर, म्हणजे एचएमव्ही, 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे लेबल. (त्या मूळ चित्रात आधी सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं आणि चित्रकाराकडून वर आपलं यंत्र रंगवून घेतलं. कुत्रा तोच राहिला.) ही कंपनी फार थोर म्हणून मी सांगत नाही. आपल्याकडे कित्येक दशकं तिच्या तोडीचं दुसरं कोणी फारसं नव्हतंच. कलकत्त्याला डमडमचा कारखाना, मुंबईत स्टुडिओ, आणि कोणाला बोलवायचं, कोणाला नाही हे ठरवणारी मोजकी माणसं. मक्तेदारीचे असतात ते सगळे दोष तिच्यात होते. पण मारवा, मीराबाई, कोळीगीत, गझल, गोव्याच्या क्रिस पेरीचा बँड आणि लॉर्नाचा तो दणदणीत आवाज, शिवाय डिस्को, हे सगळं एकाच लेबलाखाली सापडतं तेही त्यामुळेच.

मोठं उत्तर असं, की गाणी बघून रेकॉर्ड घेऊ नका. बाजू बघून घ्या.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा माणूस, फ्रेड गाइसबर्ग, कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान या गायिकेचं गाणं मुद्रित केलं. जेमतेम तीन मिनिटं. शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला लेबल कोणाच्या नावाचं चिकटवायचं ते कळायला हवं. पुढची पन्नासेक वर्षं आपलं सगळं गाणं या तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात बेतून शिवलं गेलं. ख्याल, नाट्यपद, भावगीत, कोणाची सुटका नाही. काहींच्या अंगावर ते माप इतकं चपखल बसलं की वाटावं, याला आणखी कापड लागतच नव्हतं. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या ऐका. ओटी नाही, पडवी नाही, दार उघडलं की थेट माजघर.

मग एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी 'लाँग प्ले' रेकॉर्ड, आली आणि एका बाजूला वीस मिनिटं मिळाली. इथे दोन जाती झाल्या. एक, तीन-तीन मिनिटांची सहा गाणी ओळीने उभी केलेली. दुसरी, वीस मिनिटं मिळाली आहेत तर त्यांचं करायचं काय, याचा कोणीतरी विचार केलेली. पहिल्या जातीची गाणी फोनवर ऐका, काही बिघडत नाही. पैसे दुसरीवर घाला.

आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकड्यांच्या वाटेला सध्या जाऊच नका. तुमच्या टर्नटेबलची सुई त्यांच्या रुंद खाचांसाठी नाही. शिवाय त्या विनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात. हे मी कॉलेजात असताना फार महागात शिकलो. आजोबांची बालगंधर्वांची एक तबकडी होती, तिच्यावर बुरशीचा पांढरा थर आला होता. घरात इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट होतं. कापसाचा बोळा भिजवला आणि मन लावून पुसली. बोळा काळा झाला. मला वाटलं, केवढा मळ निघतोय! दुसरा बोळाही काळा, तिसराही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराने सांगितलं असतं, पण घरात सुतार नव्हता, मी होतो. त्या तबकडीवर आज गुळगुळीत चकाकी आहे आणि आवाज मात्र पावसात सापडलेल्या रेडिओचा.

तर पहिली रेकॉर्ड. उस्ताद अमीर खाँ, एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. १९६०ची आहे. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून ती टाळू नका, मलाही तेव्हा कळत नव्हतं. मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही, आणि षड्ज, म्हणजे सा, असूनही गाणारा त्यावर बूड टेकत नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्येच येरझारा. दिवेलागणीला घरात उगाच जे अस्वस्थ होतं, ते तसंच्या तसं. मैफलीत तासभर चालणारा ऐवज इथे एका बाजूत बसवलाय, तरी कुठे घाई नाही. उलट पहिली काही मिनिटं वाटतं, हे गृहस्थ सुरू कधी करणार? मग लक्षात येतं की केव्हाच केलंय.

आमच्याकडे ही रेकॉर्ड बाबांनी सेकंडहँड आणली होती, आणि ती वाजायची झाकणाच्या, उचलून नेता येणाऱ्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर. आमच्या प्रतीवर चरा होता, नेमका द्रुत, म्हणजे जलद लयीच्या, बंदिशीत. 'गुरु बिन' म्हटलं की पिन अडकायची. गुरु बिन, गुरु बिन, गुरु बिन. बाबा पेपर वाचत असायचे. नजर न उचलता ते हात लांब करायचे, बोटाने हलकी टिचकी मारायचे आणि मग 'ज्ञान न पावे' यायचं. पुढे एका मैफलीत कोणीतरी हीच बंदिश गायलं आणि 'गुरु बिन' एकदाच म्हणून पुढे गेलं, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

एक सूचना. मारवा संपला की लगेच उलटून दरबारी लावू नका. मारवा तिन्हीसांजेचा, दरबारी मध्यरात्रीकडचा. मधे स्वयंपाक करा, जेवा, भांडी विसळा. एलपीला उठून बाजू बदलावी लागते ही अडचण आहे असं समजणाऱ्यांनी या एका रेकॉर्डपुरतं तरी मत बदलावं.

दुसरी, 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. ही तुम्हाला कोणीही सांगेल, म्हणून मी सांगणार नव्हतो. पण तिच्यामागचा माणूस आपला आहे. जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच. वकिलीचं शिक्षण, गळा भावगीताचा, आणि पुढे आयुष्यभराची नोकरी एचएमव्हीत, रेकॉर्डिंगच्या खुर्चीवर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, असा आराखडा. अहिरभैरवापासून निघायचं, भूप, देस करत पहाडीवर पोचायचं. आणि वाद्यं कोणती? काश्मीरबाहेर ज्याला शास्त्रीय संगीतात कोणी फारसं उभं करत नव्हतं ते संतूर, लोकांना सिनेमामुळे ओळखीची झालेली बासरी, आणि चक्क गिटार. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा. तबल्याला माणिकराव पोपटकर, ज्यांचं नाव घ्यायला सगळे विसरतात. जाणकारांपैकी काही आजही हिला 'पार्श्वसंगीत' म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. आमच्या इमारतीत ज्यांना यमन आणि भूप यांतला फरक सांगता यायचा नाही, अशा चार घरांत ही एकच वाद्यसंगीताची रेकॉर्ड होती.

किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्री. 'प्रथम सुर साधे' आणि त्यामागून 'सहेला रे'. यावर मी काही लिहिणार नाही. घ्या.

आता मराठी. भाच्याची अपेक्षा होती की मी 'गीतरामायण' सांगेन. गीतरामायण मला पाठ आहे, पण ते रेडिओचं अपत्य. आठवड्याला एक गाणं, पुणे आकाशवाणी, १९५५-५६, एकूण ५६ गाणी, आणि गाणारे अनेक. रेकॉर्डवर ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात नंतर आलं. रेकॉर्ड म्हणूनच जन्माला आलेली मराठी रेकॉर्ड म्हणाल तर माझं मत 'शिवकल्याण राजा'ला. १९७४, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. शब्द कोणाचे? समर्थांचे, कवी भूषणाचे, सावरकरांचे, कुसुमाग्रजांचे. सतराव्या शतकातलं ब्रज आणि विसाव्या शतकातलं मराठी एका बाजूवर शेजारी बसवायचं म्हणजे सांधा दिसणारच. तो सांधा निवेदनाने झाकलाय, आणि सुटं गाणं ऐकलं की नेमकं तेच हरवतं. गणपतीत मंडळवाले 'वेडात मराठे वीर दौडले सात' तेवढं लावतात. त्याच्या आधीची पुरंदऱ्यांची ती किंचित चढत जाणारी वाक्यं गेली की सातजण का दौडले, कुणाच्या कुठल्या शब्दाने दौडले, ते नव्या पोराला कळायचं कसं?

गझल हवी असेल तर जगजित आणि चित्रा सिंग, 'द अनफर्गेटेबल्स', १९७६. सिनेमाचं नाव पाठीशी नसताना ती घरोघर गेली. बेगम अख्तरांच्या भक्तांनी तेव्हा गझलेतल्या गिटारवर आणि व्हायोलिनांवर बरीच टीका केली. मी दोन्ही ठेवतो. बेगमना वेगळ्या कप्प्यात, एवढंच.

सिनेमाच्या रेकॉर्डी पहिल्या घेऊ नका. ही माझी जुनी भांडणाची जागा आहे. 'आराधना' घ्या, 'बॉबी' घ्या, गाणी झकासच, पण त्यांचं माप पडद्याने ठरवलेलं असतं. बाजू म्हणजे नुसती रांग. अपवाद एक, 'पाकीजा रंग बरंग'. 'पाकीजा' १९७२ला आला तोवर संगीतकार गुलाम मोहम्मद जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची जी गाणी सिनेमात घेतलीच गेली नाहीत, ती कंपनीने १९७७मध्ये वेगळ्या एलपीवर काढली. सिनेमा नसलेली सिनेमाची रेकॉर्ड. आणि हो, 'शोले'च्या संवादांची एलपी एचएमव्हीची नाही, पॉलिडॉरची आहे. यावर कृपया पैज लावू नका, मी दोन चहा जिंकलोय.

शेवटची मात्र खास माझ्या हट्टाची. १९८२, चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस. रोलँड कंपनीची तेव्हा नवी असलेली तीन यंत्रं त्याने आणली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, बेसचे सूर काढणारं टीबी-३०३ आणि ताल धरणारं टीआर-८०८, आणि त्यांवर दहा राग वाजवले. ललित, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस वगैरे. खाली तोच ठाक-ठाक ठोका, न थकता. रेकॉर्ड कोणी घेतली नाही. त्याच टीबी-३०३मधून शिकागोच्या पोरांनी १९८७मध्ये 'अॅसिड हाउस' हे नाचाचं संगीत काढलं, आणि २०१०मध्ये ही रेकॉर्ड परदेशात पुन्हा छापली गेली तेव्हा जगाने डोळे चोळले: हे मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं? मला त्यात नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. टीबी-३०३ला सूर घसरवता येतो, खालून ओढत नेता येतो. दुसऱ्या कोणी त्याला बेस गिटारचा स्वस्त पर्याय मानलं असतं. गाण्याच्या घरातल्या माणसाला त्यात मींड दिसली. मूळ प्रत मिळणार नाही, मिळाली तर परवडणार नाही. नवी घ्या.

बाकी व्यवहार. ऱ्हिदम हाउस हे मुंबईतलं रेकॉर्डींचं दुकान २०१६मध्ये बंद झालं, त्यामुळे काळाघोड्याला जाऊन बूथमध्ये ऐकून घ्यायचे दिवस गेले. जुन्या बाजारात जाल तर रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून बघा. केसासारखे बारीक चरे चालतात. नखाला लागेल असा चरा पिनलाही लागतो. कव्हरवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनोला हलकं समजू नका. कव्हरवर कोणी शाईच्या पेनाने 'लग्नाच्या वाढदिवसानिमित्त' असं लिहिलेलं असेल तर विकणारा भाव पाडतो. मी अशाच आधी उचलतो. दोन वर्षांपूर्वी एकाने 'अगदी कोरी' म्हणून मला पार्सलने पाठवलेली एलपी भाजलेल्या पापडासारखी निघाली. तेव्हापासून मी हाताने बघितल्याशिवाय घेत नाही.

मारवा-दरबारीची दुसरी प्रत मला असाच एका रविवारी जुन्या बाजारात मिळाली. स्वच्छ, बिनचऱ्याची. बाबांची प्रत आता कव्हरात घालून वर ठेवली आहे. नवी लावतो तेव्हा 'गुरु बिन' एकदाच येतं आणि गाणं सरळ पुढे जातं. माझा हात मात्र खुर्चीवरून उठून अर्ध्यावर पोचलेला असतो.