रॉकला व्हायोलिन कशाला?

व्हायोलिन वाजवून पोट भरतो म्हटलं की मुंबईत कुणीतरी विचारतंच, "रॉकच्या गाण्याला व्हायोलिनं लावली की ते सुधारतं का हो?" परवा गिरगावात लग्नाच्या पंगतीत तुम्हीही विचारलंत. माझ्या तोंडात जिलबी होती, म्हणून उत्तर राहिलं.

नाही सुधारत. बहुतेक वेळा नुसतं गुळगुळीत होतं.

सुरुवात गुळगुळीत नव्हती. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने आपल्या कीबोर्डवादकाचा, जॉन लॉर्डचा, कॉन्चेर्टो (बँड आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची मोठी रचना) रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला. त्याच्या पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा चक्क भांडतात. पुढे त्याचं नोटेशनच हरवलं. १९९९ मध्ये तो पुन्हा त्याच हॉलमध्ये झाला, तो एका डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून सगळं परत लिहून काढल्यामुळे. मला चार व्हायोलिनांचं उतरवताना घाम फुटतो! त्याच वर्षी मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या ऑर्केस्ट्राला सोबत घेतलं. मग ज्याला त्याला ऑर्केस्ट्रा हवासा झाला.

मध्ये वारं उलटंही फिरलं होतं. १९९२ च्या 'अनप्लग्ड'मध्ये, म्हणजे विजेच्या गिटारची वायर काढून केलेल्या मैफलीत, गिटारवादक एरिक क्लॅप्टनने आपलं जुनं रॉक गाणं 'लैला' साध्या, अकूस्टिक गिटारवर घेतलं. त्याची कॅसेट मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती. मूळचं गाणं गळा काढून विनवणारं. इथे ते संथ, झुलत, आरामखुर्चीत बसून म्हटल्यासारखं. गाण्याआधी तोच म्हणतो, बघा ओळखता येतंय का. वायर काढली म्हणून ते जमलं नाही, लय नव्याने बांधली म्हणून जमलं. नंतरच्या कित्येकांनी फक्त वायर काढली.

आता माझं. काही वर्षांपूर्वी एका रॉक शोला आम्ही चाळीस वादक होतो. ड्रमचा आवाज आमच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून ड्रमभोवती पारदर्शक काच, कानात क्लिकची, म्हणजे ताल धरून ठेवणारी, टिकटिक. माझ्या कागदावर सोळा बार (तालाची सोळा आवर्तनं म्हणा) एकच सूर, मग विश्रांती, मग पुन्हा तोच सूर. घरी व्हिडिओ पाहिला तर आम्ही सगळे मिळून एका कीबोर्डएवढे वाजत होतो.

हल्ली मेणबत्त्यांच्या मैफलींची लाट आहे. मेणबत्त्या बॅटरीवरच्या, वादक चारच: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. खर्च कमी, हे खरं कारण. पण चौघांत लपायला जागा नसते. ड्रम नाही, म्हणून चेलोवाला बो, म्हणजे गज, मुठीजवळून तारांवर आपटतो. त्याला चॉप म्हणतात. नीट बसला तर खुर्चीतली माणसं पाय हलवायला लागतात.

गेल्या महिन्यात त्या चाळिसांच्या शोमधलंच एक गाणं आम्ही चौघांनी वाजवलं. सोळा बारांचा तो सूर आता व्हायोलाकडे होता. गायकाची ओळ माझ्याकडे. दुसऱ्या कडव्यात बोचे चार केस तुटून लोंबायला लागले, ते तोडायलाही फुरसत मिळाली नाही.