लॉजिकल व्हॉल्यूम लहान करताना विसरलेले उणे चिन्ह

कोथरूडच्या घरी असलेल्या माझ्या जुन्या लिनक्स संगणकावर डिस्कची लवचिक वाटणी करणारी एलव्हीएम ही व्यवस्था वापरली होती. होमसाठी, म्हणजे वैयक्तिक फाइलींसाठी, ३०० आणि रूटसाठी, म्हणजे खुद्द प्रणालीसाठी, ४० जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम (तिने आखून दिलेला कप्पा) होता, उरलेली डिस्क व्हर्च्युअल मशिनांनी व्यापली होती, आणि कंटेनरच्या इमेजेस साठून साठून रूट काठोकाठ भरले होते. होममध्ये जेमतेम १४० जीबी मजकूर असल्यामुळे त्यातले १०० जीबी काढून घ्यावेत असे ठरवले.

व्हॉल्यूम मोठा करणे सोपे असते, कारण आधी व्हॉल्यूम वाढतो आणि मग फाइलसिस्टिम, म्हणजे आतली फाइलींची मांडणी, त्या मोकळ्या जागेत पसरते. लहान करताना हा क्रम नेमका उलटा असतो. फाइलसिस्टिम आधी आक्रसावी लागते, कारण मागच्या खोलीतले सामान पुढे आणल्याशिवाय तिची भिंत पाडली तर सामानही ढिगाऱ्यात जाते. ईएक्सटी४ ही माझी फाइलसिस्टिम चालू अवस्थेत वाढवता येते, पण लहान करण्यासाठी अनमाउंट करावीच, म्हणजे वापरातून सोडवावीच, लागते. नेहमीचे खाते होममधल्याच फाइली वापरत असते, म्हणून त्यातून बाहेर पडून थेट रूट या प्रशासकाच्या खात्याने लॉगिन करणे भाग होते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमच्या बाबतीत हा मार्ग जवळपास बंदच आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीपासून तीच आपोआप निवडली जाणारी फाइलसिस्टिम म्हणून स्वीकारली आहे, त्यामुळे कामाला हात घालण्यापूर्वी आपल्याकडे नक्की काय आहे ते पाहून घ्यावे. एक्सएफएस निघाली तर बॅकअप घेऊन नवा लहान व्हॉल्यूम तयार करणे आणि मजकूर परत आणणे एवढेच हाती उरते.

बॅकअप मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर घेतला, आणि त्यातल्या चार-पाच फाइली उघडूनही पाहिल्या. दिवस मे महिन्याचे होते. आमच्याकडे वळीव आला की वीज जाते, आणि रिसाइझ२एफएस ही फाइलसिस्टिमचा आकार बदलणारी आज्ञा ब्लॉक (मजकुराचे तुकडे) हलवत असताना वीज जाणे म्हणजे संकटच; त्यामुळे यूपीएस जोडल्यावरच पुढे गेलो. ही आज्ञा आधी फाइलसिस्टिमची सक्तीची तपासणी मागते, ती केली. मग फाइलसिस्टिम २०० नव्हे, १९० जीबीवर आणली. ही दहा जीबीची फट मुद्दाम ठेवायची, व्हॉल्यूम २०० वर आणायचा आणि शेवटी फाइलसिस्टिमला त्यात पुन्हा पूर्ण पसरू द्यायचे, अशी ही पद्धत आहे. एककांचे हिशेब किंवा एक्स्टेंटचे (एलव्हीएम ज्या ठरावीक तुकड्यांत जागा मोजते त्यांचे) पूर्णांकन यांतून थोडा फरक पडलाच, तर तो या फटीत जिरतो.

इथवर सगळे सुरळीत झाले. व्हॉल्यूम लहान करणाऱ्या एलव्हीरिड्यूस या आज्ञेत आकाराआधी उणे चिन्ह दिले तर तेवढी जागा कमी होते, न दिले तर तेवढाच आकार उरतो. मला ‘उणे १०० जी’ लिहायचे होते आणि मी ‘१०० जी’ लिहिले. माहिती नष्ट होऊ शकते असा इशारा समोर आला, आणि तो नेहमीचाच असतो म्हणून मी ‘वाय’ दाबले. व्हॉल्यूम १०० जीबीचा झाला, आत फाइलसिस्टिम १९० ची! अलीकडच्या आवृत्त्या आधी फाइलसिस्टिमचा आकार तपासतात आणि ती मावत नसेल तर आज्ञा नाकारतात. माझी आवृत्ती जुनी होती.

अशा वेळी पहिले काम म्हणजे काहीही न करणे: माउंट नाही, तपासणी नाही, नवा व्हॉल्यूम तर नाहीच. व्हॉल्यूम लहान झाल्याने केवळ कोणती जागा कोणाची याचा नकाशा बदलतो, डिस्कवरचे ब्लॉक जागच्या जागी असतात. एलव्हीएम प्रत्येक बदलापूर्वी जुन्या नकाशाची प्रत ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या आपल्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवते. शेवटची फाइल उघडली तर वर्णनाच्या ओळीत ‘ही आज्ञा चालवण्यापूर्वी तयार केली’ अशा अर्थाच्या शब्दांपुढे मी टंकलेली आज्ञा जशीच्या तशी होती, उणे चिन्हाविना. होमचा व्हॉल्यूम निष्क्रिय करून, व्हीजीसीएफजीरिस्टोर या आज्ञेला तीच फाइल देऊन नकाशा परत आणला, व्हॉल्यूम सक्रिय केला आणि काहीही न बदलणारी तपासणी चालवली. एकही चूक निघाली नाही. एसएसडी असलेल्यांनी मात्र एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनमधला ‘इश्यू डिस्कार्ड्स’ हा पर्याय पाहून ठेवावा. मुळात तो बंद असतो. चालू असेल तर सोडलेली जागा डिस्कला तत्काळ रिकामी म्हणून कळवली जाते आणि परत आलेल्या नकाशाच्या मागे मजकूर उरेलच असे नाही.

दुसऱ्या खेपेला उणे चिन्हाच्या भानगडीत न पडता अंतिम आकार, म्हणजे २०० जीबी, लिहिला. सुटलेल्या जागेतले ६० जीबी रूटला दिले, तेही यंत्र चालू असतानाच. उरलेले ४० जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (सगळ्या व्हॉल्यूमच्या सामायिक साठ्यात) कोणालाही न देता ठेवले आहेत.