मुलं वणव्यामुळे घराबाहेर, आपण इथे: काय करता येतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लेक-जावई कॅलिफोर्नियात, वणव्यामुळे घर सोडून निघालेत; पुण्यात बसून आईवडिलांनी काय करायचं? सारखा फोन मात्र लावू नका. वीज गेली की मोबाइलचे टॉवर थोडा वेळ बॅटरीवर चालतात आणि मग बंद पडतात. कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस बरेचदा पोचतो. त्यांचा नकाशा आणि धोक्याचे इशारे त्याच फोनवर असतात, तेव्हा दहा नातेवाइकांनी खुशाली विचारून त्याची बॅटरी संपवू नये. घरातल्या एकानेच संपर्क ठेवावा आणि बाकीच्यांना कळवावं.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी त्यांच्याकडे नाही: त्यांची रात्र म्हणजे तुमचा दिवस. फरक हिवाळ्यात साडेतेरा तासांचा, उन्हाळ्यात साडेबारा. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळ ईटन वणवा पेटला. तिथल्या अल्टाडेना गावाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश गेला तो पहाटे तीन वाजून गेल्यावर, आग वस्तीत शिरल्यानंतर. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. त्या वणव्यातले जवळपास सगळे मृत्यू त्याच भागातले. म्हणून ते झोपलेले असताना पाळी लावून आगीचा नकाशा बघा. वाऱ्याचा जोर वाढला, आग त्यांच्या दिशेने सरकली, तर मात्र बेधडक फोन करून उठवा. आदेशाची वाट बघू नका.

बघायचं काय? टीव्हीवरच्या ज्वाळा नकोत. मुलांकडून आजच त्यांच्या घराचा इव्हॅक्युएशन झोन नंबर (घरं सोडायचे आदेश ज्या विभागांनुसार निघतात, त्याचा क्रमांक) घ्या, आणि नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात थांबली असतील तर तिथलाही. वॉच ड्यूटी (वणव्यांची माहिती देणारं ॲप) आणि कॅल फायर (कॅलिफोर्नियाचं सरकारी अग्निशमन खातं) यांचे नकाशे इथून उघडतात का, ते आधीच तपासा. ‘वॉर्निंग’ म्हणजे निघायच्या तयारीत राहा. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, पाळीव जनावरं घरात असतील तर तेव्हाच निघावं. ‘ऑर्डर’ म्हणजे लगेच बाहेर. ‘२० टक्के कंटेनमेंट’ वाचून आग २० टक्के विझली असं समजू नका. आगीच्या एकूण सीमेपैकी तेवढ्या भागावर ती अडवली गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कागदपत्रांचं काम इथूनच होतं. पासपोर्ट, पदवी, लग्नाचा दाखला यांच्या प्रती शोधून स्कॅन पाठवा. व्हिसाच्या मंजुरीची प्रत बहुधा कंपनीच्या वकिलाकडे असते. भाड्याच्या घराचा विमा असला तरी हॉटेल-जेवणाचा वाढीव खर्च त्यात बहुधा बसतो. पावत्या जपायला सांगा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना फेमाची (अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) रोख मदत सहसा मिळत नाही, पण घरात अमेरिकी नागरिक असलेलं लहान मूल असेल तर त्याच्या वतीने आईवडील अर्ज करू शकतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि परतल्यावर ‘पाणी उकळून प्या’ असं सवयीने सांगू नका. वणव्याच्या उष्णतेने, दाब गेलेल्या नळांत बेंझीनसारखी रसायनं शिरू शकतात. उकळल्याने ती पाण्यातून घरातल्या हवेत येतात. ‘पिऊ नका’ अशी सूचना असेपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला बाटलीबंद पाणीच वापरायचं. राख कोरडी झाडायची नाही. एन-९५ मास्क लावून, ओल्या फडक्याने टिपायची, आणि ती पूर्ण निघेपर्यंत नातवंडांना त्या घरात न्यायचं नाही.