कालव्यात पंप नसतो, मग डिझेल कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. 'आम्ही बोटीवर राहतो' असं सांगितलं की पहिल्या दोन प्रश्नांत थंडी आणि बाथरूम उरकतात. तिसरा प्रश्न मात्र ठरलेला, मग तो पुण्याच्या आत्याचा असो, ऑफिसातल्या कुणाचा असो, नाहीतर काठावर कुत्रा फिरवणाऱ्या इंग्रज आजोबांचा असो: "डिझेल कुठे भरता? आणि गॅस, वाणसामान?" तोंडी सांगताना माझं निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी बोट काय आहे ते. नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या जुन्या कालव्यांच्या मापाने बांधलेली पोलादी बोट. रुंदी सात फुटांच्या आत, कारण अरुंद कालव्यांवरची लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दारांच्या कोठ्या, जेमतेम सात फुटी. लांबी बहात्तर फुटांपर्यंत चालते, पण आमची सत्तावन्न फुटी आहे, कारण या लांबीची बोट जवळपास सगळीकडे जाऊ शकते. आम्हाला बांधून ठेवायची कायमची जागा नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्यांनी एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. म्हणून लंडन आणि मिडलंड्सच्या मध्ये, मुख्यतः ग्रँड युनियन कालव्यावर, आम्ही पुढे पुढे सरकत असतो.

'सरकत' म्हणते, कारण वेगाची मर्यादाच ताशी ४ मैल आहे आणि बांधलेल्या बोटींच्या शेजारून जाताना त्याच्याही निम्म्याने जायचं. शिवाय वाटेत लॉक. वॉरिकजवळ हॅटनला दोनेक मैलांत २१ लॉक आहेत. गाडीने चहा उकळायच्या आत पार होणारं अंतर आमचा अर्धा दिवस खातं. त्यामुळे कुणी सांगितलं की पुढचा डिझेलचा पंप सहा मैलांवर आहे, तर त्यावरून काहीच कळत नाही. मधे लॉक किती, हा खरा प्रश्न. आणि तिथे पोचल्यावर मरीना, म्हणजे पंप असलेला बोटींचा तळ, उघडी असेल का, हा दुसरा. पाटी आहे, पंप आहे, पण माणूस सोमवारी येणार, हे इथे रोजचं आहे.

तरीही खरं सांगायचं तर डिझेलची काळजी सगळ्यांत कमी. बोटीचं इंजिन निवांत चालीने तासाला एक-दीड लिटर पितं, टाकीत दोनेकशे लिटर मावतं. उन्हाळ्यात एकदा भरलं की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. आमच्या टाकीला काटा नाही, पुष्कळ नॅरोबोटींना नसतो. मागच्या डेकवरचं झाकण काढायचं, खुणा केलेली लाकडी पट्टी आत सोडायची, बाहेर काढून ती कुठवर ओली आहे ते पाहायचं. थंडीत मात्र टाकी रिकामी ठेवायची नाही. वरच्या पोकळीतली हवा गार झाली की पत्र्याला आतून दव सुटतं, ते पाणी डिझेलच्या खाली जाऊन साठतं आणि त्या दोहोंच्या सीमेवर जिवाणूंचा काळा, बुळबुळीत गाळ धरतो. फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं लॉकच्या तोंडाशी बंद पडतं.

नव्या माणसाला गंमत वाटते ती डिझेल विकत घेतानाच्या संवादाची. विकणारा विचारतो, "स्प्लिट किती?" इथे बोटीत लाल डिझेल भरतात. हेच डिझेल शेतकरी ट्रॅक्टरला वापरतात. त्यात लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे कमी कराचं डिझेल कुणी रस्त्यावरच्या गाडीत घातलं तर पकडता येतं. २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत आमच्यासारख्या खाजगी बोटींना ते सगळंच्या सगळं सवलतीत मिळायचं. तेव्हापासून हिशोब आला: बोट हाकायला जेवढं जाळाल त्यावर पूर्ण कर, घर ऊबदार ठेवायला आणि वीज करायला जेवढं जाळाल त्यावर सवलत. फरक थोडाथोडका नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ठरलेल्या दराने साध्या डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स कर, तर लाल डिझेलवर १०.१८. टाकी मात्र एकच. म्हणून भरताना आपणच लिहून द्यायचं की साठ टक्के प्रवासाला, चाळीस टक्के घराला. हे ६०-४० सर्रास चालतं. हिवाळ्यात आठ-आठ दिवस बोट हलत नाही आणि इंजिन फक्त बॅटऱ्या भरायला चालतं, तेव्हा घराचा वाटा खरोखरच जास्त असतो आणि तसं लिहून देता येतं. काही मरीनांना ही कटकट नको असते, ते ६०-४० शिवाय विकतच नाहीत. सरकारने आपल्या शब्दावर इतका विश्वास ठेवावा याचं मला अजून नवल वाटतं.

बरं, मग गाडं अडतं कशाने? पाण्याने, आणि त्याच्याही आधी संडासाने. तुम्ही विचारत नाही, पण आमच्या प्रवासाचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. आमच्याकडे कॅसेट आहे: चाकं लावलेली वीसेक लिटरची बंद डबी. ती भरली की एल्सन नावाच्या जागी नेऊन ओतायची, विसळायची, आणायची. राखीव डबी धरून आमचा आठवडा निघतो. पाण्याची टाकी बोटीच्या नाकाशी असते. काटकसरीने वापरलं तर दोन आठवडे जातात, पाहुणे आले की चार दिवस. कालव्यांचा कारभार २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. लायसन्सची फी भरली की पाण्याच्या नळाला आणि एल्सनला वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त त्यांची किल्ली हवी. ही एकच किल्ली सगळीकडे चालते, म्हणून ती पाण्यात पडली तरी तरंगावी अशी बुचाच्या गोळ्याला अडकवलेली असते. नळाची धार बहुतेक ठिकाणी करंगळीएवढी. टाकी भरायला तास-दीड तास सहज जातो, त्यात मी कपडे धुऊन घेते. मागे आणखी दोन बोटी ताटकळत असतील तर मात्र धुणं काढायचं नाही, हा अलिखित नियम.

थंडीत सगळ्यात महत्त्वाचा कोळसा. बोटीत छोटा ओतीव लोखंडाचा स्टोव्ह असतो आणि नोव्हेंबरात पेटवलेला तो मार्चपर्यंत सहसा विझू देत नाहीत. कडाक्याची थंडी असेल तर पंचवीस किलोचं पोतं दोन-तीन दिवसांत संपतं. साधा दगडी कोळसा इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी विकायला १ मे २०२३ पासून पूर्ण बंदी आहे, तेव्हा बिनधुराचाच घ्यायचा. आणि रात्री स्टोव्ह धुमसत ठेवून झोपायचं तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. एप्रिल २०१९ पासून तो बोटीच्या सुरक्षा तपासणीतही पाहतात, पण तपासणीसाठी नव्हे, सकाळी उठण्यासाठी लावायचा.

हा कोळसा दारात येतो तो फ्युएल बोटीवर, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ही बोट आहे. आपल्याकडे गल्लीत भाजीची हातगाडी येते तशी ही कालव्यातून ठरलेल्या टापूत फिरते. कधी कुठे असणार ते मालक आधी कळवतो. आपण निरोप टाकायचा: अमुक पुलाजवळ आहोत, दोन पोती, एक गॅस, डिझेल टाकीभर. मग त्या दिवशी दुपारी लांबून जुन्या इंजिनाची टुक-टुक कानावर येते आणि वळणावरून लांबलचक नाक दिसतं. यांतल्या बऱ्याच बोटी पूर्वीच्या मालवाहू बोटी आहेत. केबिन एवढीशी, बाकी सगळा माल. ती काठाला लागत नाही, आपल्याच बोटीला चिकटून उभी राहते. मालकीण एक दोर आमच्या छपरावरच्या कडीत ओवते, मालक रिळावरची नळी ओढून तिचं तोंड आमच्या टाकीत घालतो. तो आकड्यावर नजर ठेवून असतो तोवर ती पोती खांद्यावरून छपरावर ठेवत जाते, धप, धप, आणि पोतं टेकलं की आत कपाटातल्या बश्या वाजतात. लाल सिलिंडर इकडून तिकडे, रिकामा तिकडून इकडे. कोळशाने काळ्या झालेल्या कोटाच्या खिशातून कार्डाचं मशीन निघतं, स्प्लिट विचारला जातो, वर पुढच्या लॉकचं एक दार अडकतं आहे ही बातमी फुकट. पंधरा-वीस मिनिटांत दोर सुटतो.

मरीनात डिझेल लिटरमागे दोन-चार पेन्स स्वस्त मिळतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी उन्हाळ्यातसुद्धा फ्युएल बोटीकडूनच घेते. उन्हाळ्यात स्वस्त बघून मरीनात जायचं आणि जानेवारीत, टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, घोट्याएवढा चिखल असताना, त्यांनी आपल्यासाठी यावं अशी अपेक्षा करायची, हे मला पटत नाही. बारा महिने गिऱ्हाईक नसेल तर तो माणूस फक्त हिवाळ्यापुरता धंदा कसा चालवेल? नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो पेन्सचा हिशोब मांडतो. पण रस्त्यावरच्या पंपावरून वीस लिटरचा जेरीकॅन ढकलगाडीवर घालून आणायची पाळी आली की तोही गप्प होतो.

आणि मुळात हे कालवे खणलेच होते कोळशासाठी. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला कालवा काढला. १७६१ मध्ये तो सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि बहुतेक मालवाहतूक कायमची मोडली. नॅरोबोटींवरून लांब पल्ल्याचा नियमित कोळसा शेवटचा गेला तो १९७० मध्ये, ॲथरस्टनजवळून साउथॉलच्या एका जॅमच्या कारखान्यात.

साउथॉल! लंडनचं हे उपनगर आता भारतीय दुकानांचं, तेव्हा वाणसामानाकडे वळायला हरकत नाही. पाव, दूध, अंडी यांची चिंता नाही. कुठल्याशा पुलावर चढून दहा-वीस मिनिटं चाललं की दुकान सापडतंच. ब्रॉन्स्टनसारख्या ठिकाणी गाव टेकडीवर आणि कालवा खाली, म्हणजे जाताना चढ आणि येताना पिशव्या घेऊन उतार, हा क्रम बरा आहे. सुपरमार्केटवाले काठावर सामान आणूनही देतात. त्यांना जवळच्या पबचा पिनकोड आणि पुलाचा नंबर द्यायचा, कारण प्रत्येक पुलावर नंबराची पाटी असते, आणि स्वतः पुलावर जाऊन हात हलवत उभं राहायचं.

तूरडाळ, पोहे, गवार, मेथी, ओला नारळ यांचं गणित निराळं. त्यासाठी मी ग्रँड युनियनच्या लंडनमधल्या पॅडिंग्टन फाट्याची वाट बघते. हेझजवळच्या बुल्स ब्रिजपासून लिटल व्हेनिसपर्यंत तेरा-साडेतेरा मैल, आणि वाटेत एकही लॉक नाही! बुल्स ब्रिजला जिथे एकेकाळी मालवाहू बोटींचा मोठा डेपो होता तिथे आता टेस्को सुपरमार्केट आहे आणि त्याच्या समोरच बोट बांधता येते. साउथॉल तिथून जवळ. पुढे ॲल्पर्टनला ईलिंग रोडच्या पुलाशी उतरलं की गुजराती दुकानांची रांगच. कढीपत्ता जुडीने मिळतो, आंबे पेटीने. उत्तरेला गेलो तर लेस्टरचं बेलग्रेव्ह आहे, पण तिथे सोअर नदीतून जावं लागतं आणि पाऊस झाला की नदीचं पाणी काठावरच्या मापाच्या पट्टीवर लाल रंगापर्यंत चढतं. मग पाणी उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, डाळ असो वा नसो.

साठवणीचं एवढंच की फ्रिज लहान आणि हिवाळ्यात सोलर पॅनल जवळपास झोपलेलं. थांबलेल्या बोटीत रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायला मनाई आहे, त्यामुळे रात्री वीज जपूनच. डाळी-कडधान्यं पलंगाखाली, कांदे-बटाटे पायरीखालच्या खणात. कुकर मात्र बोटीवरचा हिरो आहे. तेरा किलोचा सिलिंडर आम्हा दोघांना महिना-दीड महिना पुरतो तो त्याच्यामुळेच. सिलिंडर प्रोपेनचाच घ्यायचा. ब्युटेन शून्याच्या आसपास गारठून बसतो आणि नेमकं पिठलं अर्धवट राहतं. सिलिंडरचा नट उलट्या आट्यांचा असतो, आवळायला डावीकडे फिरवायचा, आणि लावल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. एक सिलिंडर लावलेला, एक राखीव. पहिला संपला की राखीव जोडायचा आणि त्याच दिवशी फ्युएल बोटीला निरोप टाकायचा. दुसराही संपेपर्यंत थांबणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आणि "येताना काय आणू?" असं विचारणाऱ्यांसाठी: भारतातून येत असाल तर गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं. गुजराती दुकानात यांतलं आमसूल कधीतरी मिळतं, बाकीचं नाही. लाडू-चकल्यांचे मोठे डबे नकोत, ठेवायला जागा नाही. इथलेच असाल आणि डिसेंबरात गाडीने येणार असाल, तर वाटेतल्या पेट्रोल पंपावर बाहेरच पोती रचलेली दिसतील. बिनधुराच्या कोळशाची दोन पोती डिकीत टाकून आणा. गाडी पुलाजवळ लावा, फोन करा, ढकलगाडी घेऊन नवरा येईल.